इस्सातच्या हातची स्कूटर

पृथ्वीच्या उत्तर टोकाजवळच्या बर्फाळ मुलखातल्या आवजी गावात कुणाला 'तुझी जनावरं किती' असं विचारत नाहीत. रेनडिअर पाळणाऱ्याला हे विचारणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालण्यासारखं आहे. तरी एखाद्या नवख्याने विचारलंच, तर उत्तर ठरलेलं असतं. झाडाच्या या बाजूला थोडी आहेत, त्या बाजूला थोडी आहेत. कोणतं झाड, ते कुणी सांगत नाही.

याच गावात आणखी एक प्रश्न विचारत नसत, आणि ही रीत एकट्या इस्सातमुळे पडली होती. नवी स्कूटर त्याच्याकडे रुळवायला दिली की ती कधी तयार होईल हे विचारायचं नाही. ज्यांनी विचारलं त्यांना त्याने घरात बोलावून कॉफी पाजली, हवेबद्दल गप्पा मारल्या आणि स्कूटर आणखी आठवडाभर अंगणात ठेवून घेतली. एकदोघांचं असं झाल्यावर बाकीचे आपोआप शहाणे झाले.

स्कूटर म्हणजे बर्फावरची. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा. चाकांची स्कूटर आवजीत कुणी पाहिलेली नाही, आणि पाहिली असती तर ती घेणाऱ्याच्या डोक्याबद्दल शंका आली असती.

इस्सातचा बाप निल्लास घसरगाडीला जुंपायचे रेनडिअर तयार करी. ते सावकाशीचं काम. खच्ची केलेला नर आधी नुसता झाडाला बांधून ठेवायचा. त्याने दोराशी भांडून घ्यायचं, दमायचं, पुन्हा भांडायचं. मग रिकामी गाडी जोडायची. मग थोडं सरपण. पहिल्या हिवाळ्यात त्याला चौखूर पळू द्यायचं नाही, कारण जे जनावर पहिल्याच हिवाळ्यात सगळं बळ खर्चून बसतं ते पुढे जन्मभर कुथत चालतं. निल्लासच्या हातचा रेनडिअर म्हणजे डोळे मिटून बसावं असा, हे तीन खोऱ्यांत माहीत होतं.

मग गावात पहिली स्कूटर आली. ती आन्ते नावाच्या शेजाऱ्याने आणली आणि त्याच दिवशी, सगळं गाव काठावर उभं असताना, गोठलेल्या नदीवरून जीव खाऊन पळवली. नदीच्या मधोमध तिने किंचाळी फोडली आणि पिस्टन जाम होऊन ती थांबली. ओढून आणायला निल्लासचा रेनडिअर न्यावा लागला. स्कूटर काठावर आल्यावर निल्लासने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि आन्तेला शांतपणे विचारलं, "आधी बांधून ठेवली होती का रे?"

गाव हसून हसून लोळलं. इस्सात तेव्हा सोळा वर्षांचा होता. तो हसला नाही, त्याला प्रश्न बरोबर वाटला.

पुढची पन्नास वर्षं तो नव्या स्कूटरी बापाच्या पद्धतीने माणसाळवत आला. पहिल्या दिवशी ती नुसती अंगणात उभी. इंजिन चालू करायचं, कोमट होऊ द्यायचं, बंद करायचं, पुरतं थंड होऊ द्यायचं, पुन्हा चालू करायचं. पहिल्या टाकीला पेट्रोलमध्ये तेल जरा जास्त. मग नदीवर छोट्या फेऱ्या, कधी हळू, कधी जरा जोरात, पण एकाच चालीने लांबवर कधीच नाही. फेरीहून आला की सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे आणि पट्टा ताणायचा, कारण नवा पट्टा नव्या दोरासारखा सैल पडतो. मग रिकामी घसरगाडी जोडायची, मग सरपणाची. हे सगळं तो स्कूटरशी बोलत करी. काय बोले ते ऐकायला कुणी जवळ जात नसे, पण त्याची बायको एल्ले म्हणे की माझ्याशी एवढं गोड बोलला असता तर मीही लवकर रुळले असते.

शेवटी इंजिनाचं पाणी जोखायचं. फेरी मारून आल्यावर गरम प्लग काढायचा, स्वयंपाकघरात न्यायचा आणि एल्लेच्या कपाशेजारी धरायचा. आवजीत सगळे काळी कॉफी पितात, त्यात सुक्या चीजचे तुकडे टाकतात; एकटी एल्ले दूध घालते. प्लगचं टोक तिच्या कॉफीच्या रंगाचं झालं की इंजिनाची तब्येत ठणठणीत. पांढरट असेल तर इंजिन उपाशी आहे, काळं असेल तर त्याला अजीर्ण झालं आहे. एल्लेला हे पटत नसे. प्लग बघायला माझीच कॉफी कशाला, असं ती म्हणे. जुने प्लग तो फेकतही नसे. स्वयंपाकघराच्या खिडकीत जिरेनियमच्या कुंड्यांपुढे ते रांगेने मांडलेले असत, आणि लोक चिनी मातीच्या बाहुल्या पुसतात तशी ती दर शनिवारी ते पुसे. त्यातल्या एकाच्या पांढऱ्या चिनी मातीचा टवका उडालेला होता. इस्सातच्या जुन्या स्कूटरचा तो प्लग चुलीवर पडला होता, त्या दिवशी दोघांचं भांडण झालं होतं. एल्लेच्या मते धक्का लागला होता इस्सातचा, इस्सातच्या मते एल्लेचा.

मागच्या शरद ऋतूत इस्सातचा खुबा बदलला. शहरातल्या डॉक्टरांनी या हिवाळ्यात स्कूटरवर दणके खायचे नाहीत असं सांगितलं. सांगितलं ते त्याला, पण ऐकलं ते त्याच्या मुलीने.

रिस्तेन त्याची एकुलती एक. कळप आता तीच बघते. वसंतात कळप डोंगरावरून समुद्राकडे, फ्योर्ड म्हणतात त्या डोंगरांत शिरलेल्या खाडीकडे न्यायचा असतो, माद्या तिकडे वितात. चालता येऊ लागल्यापासून इस्सातने ही वाटचाल एकदाही चुकवली नव्हती. आधी बापाच्या गाडीत कातड्यात गुंडाळून, मग स्कीवर, मग स्कूटरवर. एका वर्षी ताप असताना गेला होता, एका वर्षी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. नाताळात सगळे रस्सा खात बसले असताना रिस्तेन म्हणाली की या वसंतात बाबाने घरी राहायचं, आणि वासरं मोठी झाली की जूनमध्ये मोटारीने यायचं. इस्सात हाड चोखत राहिला. त्याला मान्य आहे असं सगळ्यांनी धरलं. त्याच्या मनात वेगळंच होतं. जूनमध्ये मोटारीने येतात ते पाहुणे.

जानेवारीत रिस्तेनने नवी स्कूटर घेतली. दुकानदार तिला संगणकवाली दाखवत होता, हवा कशीही असो, आपलं पेट्रोल आपण ठरवणारी. तिने कार्बोरेटरवालीच मागितली, जिचं पेट्रोल माणसाला हाताने जुळवावं लागतं ती. दुकानदाराने विचारलं, का? ती म्हणाली, हलकी असते. आणली ती थेट बापाच्या अंगणात.

"रुळवून दे," एवढंच म्हणाली.

इस्सात बाहेर आला, काठी टेकत स्कूटरभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली. एल्लेने डॉक्टरची आठवण करून दिली. त्यावर तो म्हणाला की डॉक्टरने स्कूटर चालवायला मनाई केली आहे, रुळवायला नाही.

एरवी पंधरा दिवसांत होणारं काम या वेळी लांबत गेलं. जानेवारीत थंडी फार होती, इतक्या थंडीत इंजिनाचा खरा स्वभाव कळत नाही. फेब्रुवारीत बर्फ भुसभुशीत होता. मार्चमध्ये त्याला पट्ट्याचा आवाज आवडेना. बोल्ट रोज आवळून आवळून एकाचे आटे गेले, मग तो बोल्ट मागवावा लागला आणि टपालाला आठवडा लागला. प्लग केव्हाच एल्लेच्या कॉफीच्या रंगाचा झाला होता. इस्सात म्हणे, रंग बरोबर आहे पण चमक नाही. एल्ले म्हणे, मग दूध बदलू का?

कारण गावात सगळ्यांना कळत होतं. स्कूटर तयार झाली की रिस्तेन ती घेऊन जाणार आणि इस्सात मागे राहणार. स्कूटर तयार नाही तोवर वाटचाल सुरू झाली नाही, असं निदान त्याच्या अंगणात तरी म्हणता येत होतं. रिस्तेन रोज येऊन कॉफी पिई, स्कूटरकडे बघे आणि जाई. कधी तयार होईल, हे तिने एकदाही विचारलं नाही.

पण रेनडिअर कुणाच्या खुब्यासाठी थांबत नाहीत. एप्रिलमध्ये एका सकाळी कळपातल्या म्हाताऱ्या मादीने उत्तरेकडे तोंड केलं आणि चालायला लागली. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे दहा. रिस्तेनचा चुलतभाऊ योव्ना धापा टाकत सांगायला आला. दुपारी रिस्तेन पेट्रोलचे डबे घेऊन अंगणात उभी राहिली आणि म्हणाली की उद्या पहाटे निघायचं.

त्या दुपारी इस्सात स्कूटरजवळ एकटाच होता. एक काम खरंच बाकी होतं, आणि ते त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, असं त्याला वाटत होतं. कार्बोरेटरमध्ये जेट असतो, पितळेचा मणी, मधे भोक. त्या भोकातून पेट्रोल इंजिनात जातं. आवजीच्या कडाक्यात हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून भोक मोठं. समुद्राकडे हवा मऊ, जरा उबदार, तिकडे भोक लहान हवं. थंडीत लहान भोक ठेवलं तर पिस्टन जळतो. मऊ हवेत मोठं ठेवलं तर काही जळत नाही. इंजिन फक्त खोकतं, निळा धूर सोडतं, प्लग काळा होतो आणि शेवटी ते फतकल मारून बसतं.

दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर, दोन जेट. लहान जेट त्याच्या तळहातावर होते. रेनडिअरच्या कातड्याच्या पिशवीतून त्याने ते मुद्दाम काढले होते. बराच वेळ तो त्यांच्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने ते पिशवीत परत टाकले आणि झाकण बसवलं.

आपण काही वाईट केलं नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. थंडी परत येऊ शकते. मोठं भोक केव्हाही बरं. आणि समजा तिकडे स्कूटर बसलीच, तर फोन कुणाला येईल?

सकाळी रिस्तेनने किक मारली, म्हणजे दोरी ओढली, आणि स्कूटर पहिल्याच हिसक्याला सुरू झाली. आवाज इतका गोड होता की इस्सातला स्कूटरचा राग आला.

पुढचे दिवस वाईट गेले. तो खिडकीपाशी बसून राही. खिडकीतली प्लगांची रांग जरा आखूड वाटली. एल्लेने शेवटी एखादा फेकला असणार, असा त्याने अंदाज केला, आणि आपण काय करून बसलोय हे आठवून त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. स्कूटर बसली तर फोन येईल एवढाच विचार त्याने केला होता. ती कुठे बसेल हा विचार आता येत होता. नदीवर बसली तर? वसंतात बर्फावरून पाणी वाहतं. कळप सुटला आणि पोर मागे एकटी राहिली तर? त्याला जेवण जाईना. एल्लेने विचारलं, काय होतंय? तो म्हणाला, खुबा. आयुष्यात प्रथमच त्याने खुब्याची तक्रार केली होती, तरी एल्लेने डॉक्टरला फोन केला नाही. हे त्याला विचित्र वाटलं.

मग फोन आला. रिस्तेनचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता.

"बाबा, स्कूटर खोकतेय. प्लग काळा पडलाय."

"कुठे आहेस?"

"फ्योर्डाच्या वरच्या झोपडीत. नदी मागे राहिली. सगळे ठीक आहेत. पण ही माझ्याने वठणीवर येत नाही. तूच रुळवलीस, तूच ये."

 इस्सातला लाज वाटली आणि आनंद झाला, आणि आनंद जास्त झाला म्हणून पुन्हा लाज वाटली. तो काठी शोधायला उठला तर दाराशी त्याची पिशवी भरलेली होती, लोकरीचे मोजे, सुकं मांस, दुर्बीण. धुतलेले कपडे कुठेतरी ठेवायचे म्हणून ठेवले, असं एल्ले म्हणाली आणि मोटारीची किल्ली घेतली.

फ्योर्डापर्यंत एल्लेने नेलं. तिथून वर न्यायला योव्ना आला होता. त्याने काकाला घसरगाडीत कुत्र्यांच्या खाण्याच्या पोत्यांमध्ये बसवलं, वर कातडी टाकली, दोर आवळला आणि इतक्या हळू निघाला की इस्सातने दोनदा विचारलं, तुझी स्कूटर आजारी आहे का? योव्ना म्हणाला, नाही, रिस्तेनची ताकीद आहे. उतारावर बर्फ वितळून जमीन डोकावत होती आणि त्यात कळप पसरला होता, जड पोटाच्या माद्या, डोकी खाली. इस्सातने ओळखीच्या कानखुणा, म्हणजे मालकाने कानाला पाडलेल्या खाचा, शोधल्या. निघालेली सगळी पोचली होती. किती, ते सांगायचं कारण नाही.

झोपडीपुढे रिस्तेन उभी होती. स्कूटर बाजूला, झाकण उघडलेलं. तिने हात पुढे केला. हातावर प्लग होता, काजळीने काळाकुट्ट.

"बघ," ती म्हणाली.

इस्सातने प्लग घेतला आणि सवयीने अंगठ्याने पांढरी चिनी माती पुसली. तिचा टवका उडालेला होता.

त्याने प्लग फिरवून पाहिला. एवढ्या वर्षांच्या चुलीच्या भांडणाची खूण चुकणं शक्य नव्हतं. हा प्लग या स्कूटरचा नव्हताच, काजळी मुद्दाम फासलेली होती. तो जिरेनियमच्या कुंडीपुढचा होता, आणि तिथून निघून इथवर यायला त्याला एकच वाट होती, रिस्तेनच्या खिशातून. म्हणजे आवजीतून निघायच्या आधीच हा फोन करायचं तिने ठरवलं होतं, आणि एल्लेने बहुधा शनिवारची पुसापुशी करताना तो काढून दिला होता.

त्याला उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणून योव्नाने खोकं आणून दिलं. इस्सातने पिशवीतून पाना काढला आणि पहिला कार्बोरेटर उघडला. आत लहान जेट होता. नवाकोरा, चकचकीत, त्याच्या कातड्याच्या पिशवीतला नव्हे, दुकानातला. दुसरा उघडला. त्यातही तसाच. दोन्ही अगदी हवे तेवढेच आवळलेले, वायसर जागच्या जागी. लहानपणी घसरगाडीवर बसून त्याच्या हातात एकेक जेट देणारी पोरगी काही नुसती बसून नव्हती. ही स्कूटर वाटेत एकदाही खोकली नव्हती. मोठे जेट आपण तसेच ठेवले हे पोरीला कळलं होतं, तिने ते बदलले होते, आणि तरीही फोन केला होता. बाबा, चल, नुसता बसायला चल, असं ती म्हणाली असती तर तो आला नसता, हेही तिला ठाऊक होतं.

इस्सातला रडू आलं. कार्बोरेटर सुदैवाने अशा जागी असतो की माणसाला त्यात डोकं घालून बराच वेळ राहता येतं. तो राहिला. मग त्याने दोन्ही लहान जेट काढले, तोंडाने फुंकले, बाहीला पुसले आणि होते तसेच परत बसवले. या कामाला त्याने जितका वेळ घेतला तितक्यात दोन इंजिनं उतरवून झाली असती. रिस्तेन बाजूला उभी राहून दुर्बिणीतून उतार बघत होती. वर दोन गरुड फिरत होते. वासरं होऊ लागली की त्यांच्यावर दिवसभर कुणीतरी नजर ठेवावी लागते, झोपडीपुढे बसून, आणि त्या कामाला खुबा लागत नाही.

"काय झालं होतं?" योव्नाने विचारलं. तो सुकं मांस चावत होता.

"अजीर्ण," इस्सात म्हणाला. "आता बरी आहे. पण हिच्यावर भरवसा नाही. जवळ राहून बघावं लागेल."

"मलाही तेच वाटलं," रिस्तेन म्हणाली. तिने दुर्बीण खाली घेतली, बापाच्या हातात दिली आणि आवजीत आता कुणी विचारायला धजत नसे ते विचारलं. "किती दिवस लागतील, बाबा?"

योव्नाचं चावणं थांबलं.

इस्सातने दुर्बीण डोळ्यांना लावली. आधी गरुडांकडे पाहिलं, मग माद्यांकडे. खाली फ्योर्डाच्या काठाला एकच भूर्जाचं झाड होतं, वाऱ्याने वाकलेलं.

"झाडाच्या या बाजूला थोडे आहेत," तो म्हणाला, "त्या बाजूला थोडे आहेत."

रिस्तेनने मान हलवली आणि ती कॉफी ठेवायला आत गेली.